पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील लघुउद्योगांसाठी मागणीनुसार संगणक-आज्ञावली : नवे तंत्रप्रवाह आणि मालकीचा प्रश्न

बीजसंज्ञा : लघुउद्योग, मागणीनुसार आज्ञावली, जॉबवर्क, ई-बीजक, यंत्रविदा, स्वामित्वहक्क

प्रस्तावना

१९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्याच दशकात टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, व बजाज ऑटो या उद्योगांनी पिंपरी व आकुर्डी परिसरात पाय रोवले. पुढे हा पट्टा पुणे-नाशिक महामार्गाने उत्तरेकडे सरकत खेड तालुक्यात पोहोचला. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा आणि २०१० मध्ये महिंद्रचा कारखाना चाकण परिसरात सुरू झाला. या मोठ्या कारखान्यांविषयी विपुल लेखन झाले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्यांना सुटे भाग पुरविणारे, भोसरीच्या गाळ्यांत आणि कुरुळी, निघोजे, महाळुंगे येथील पत्र्याच्या शेडमध्ये चालणारे लघुउद्योग आणि त्यांना लागणारी संगणक-आज्ञावली हा आहे.

मागणीनुसार आज्ञावली म्हणजे बाजारात तयार मिळणारी आज्ञावली न घेता विशिष्ट उद्योगाच्या गरजेप्रमाणे लिहवून घेतलेली आज्ञावली. शिंप्याकडे माप देऊन शिवलेला सदरा आणि दुकानातून आणलेला तयार सदरा यांतील फरकासारखाच हा फरक होय. गेल्या दहा वर्षांत अशी आज्ञावली लिहिण्याचा खर्च व कालावधी या दोहोंत मोठी घट झाली आहे. मेघ-संगणन, भ्रमणध्वनीवरील ॲप, अल्पसंकेत साधने आणि अलीकडे भाषिक प्रतिमानांच्या साहाय्याने होणारे संकेतलेखन ही त्याची कारणे आहेत. या प्रवाहांची ओळख करून देताना एक मुद्दा विशेषत्वाने मांडावयाचा आहे. आज्ञावली लिहिणे जसजसे स्वस्त होत आहे, तसतसा ‘ती कोण लिहील’ हा प्रश्न मागे पडून ‘ती बदलण्याचा अधिकार आणि तिच्यातील माहिती कोणाच्या हाती राहील’ हा प्रश्न निर्णायक ठरू लागला आहे. या प्रश्नाकडे आपल्या लघुउद्योजकांचे आणि महाविद्यालयांचेही पुरेसे लक्ष नाही, असे आमचे मत आहे.

जुन्या आज्ञावल्यांचा वारसा

मागणीनुसार आज्ञावली ही या पट्ट्याला नवीन नाही. १९९० च्या दशकात लघुउद्योगांत फॉक्सप्रो व त्यानंतर व्हिज्युअल बेसिक या भाषांत लिहिलेल्या आज्ञावल्या प्रचलित होत्या. ओळखीतील एखादा तरुण संध्याकाळी येऊन भांडाराची नोंद, पगारपत्रक किंवा डिलिव्हरी चलन छापण्याची सोय करून देत असे. हिशेबासाठी बंगळुरूची टॅली घराघरांत पोहोचलेली होतीच. फॉक्सप्रो ज्या कंपनीने विकसित केली ती फॉक्स सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये विकत घेतली. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती २००४ साली आली, ती शेवटची ठरली. पुढील आवृत्ती काढणार नसल्याचे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये जाहीर केले आणि २०१५ च्या प्रारंभी तिचे साहाय्यही थांबले. व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तीच्या विकसन-साधनांचे साहाय्य तर एप्रिल २००८ मध्येच संपले होते. आज्ञावली चालत राहिली, परंतु ती दुरुस्त करणारा मिळेनासा झाला. मूळ संकेत लिहिणाऱ्याच्या संगणकात होता आणि तो लिहिणारा दरम्यान हिंजवडीतील एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीत रुजू झालेला असे.

मराठीच्या प्राध्यापकांना याच प्रकारचा दुसरा अनुभव परिचित असेल. युनिकोडपूर्व काळात श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम यांसारख्या, पुण्यातच घडलेल्या साधनांनी मराठी टंकलेखनाची मोठी सोय केली. परंतु प्रत्येक टंकाची सांकेतिक मांडणी वेगळी असल्याने त्या काळातील असंख्य धारिका आज दुसऱ्या संगणकावर उघडल्यास निरर्थक चिन्हांची रांग दिसते. मजकूर आपला असूनही तो वाचण्याची किल्ली दुसऱ्याकडे राहिली. लघुउद्योगाच्या आज्ञावलीबाबत नेमके हेच घडते, आणि तेथे प्रश्न पुरवठादार म्हणून टिकून राहण्याचा असतो.

येथे एक विसंगतीही नोंदविण्याजोगी आहे. भोसरीपासून काही किलोमीटरवर असलेल्या हिंजवडी व तळवडे येथील माहिती तंत्रज्ञान उद्यानांत जगभरच्या कारखान्यांसाठी आज्ञावल्या लिहिल्या जातात. भोसरीतील पंधरा-वीस यंत्रांच्या कारखान्याला मात्र त्या कंपन्यांचे दर परवडत नाहीत आणि त्या कंपन्यांना एवढे छोटे काम परवडत नाही. परिणामी त्याचे काम एक-दोन माणसांच्या छोट्या सॉफ्टवेअर व्यवसायांकडे जाते. हे व्यवसाय कसबी असतात; पण एकाच माणसाच्या डोक्यात सर्व काही असणे ही त्यांची मोठी उणीव असते.

एकच बीजक चार ठिकाणी

लघुउद्योजक आज्ञावली लिहवून घेण्यास कशामुळे प्रवृत्त होतो? नव्या तंत्रज्ञानाच्या कुतूहलाने असे क्वचितच घडते. बहुधा त्याला दोन दारांतून रेटा येतो : एक मोठ्या ग्राहक-कारखान्याचे आणि दुसरे शासनाचे.

ग्राहक-कारखाना आपल्या संकेतस्थळावर मासिक वेळापत्रक टाकतो, ते दर आठवड्याला, प्रसंगी रोज बदलतो. माल पाठविण्यापूर्वी पुरवठादाराने त्याच संकेतस्थळावर आगाऊ पाठवणीची नोंद करावी, तेथून मिळणारी बारकोडची पट्टी प्रत्येक पेटीवर लावावी, अशी अपेक्षा असते. नोंद जुळली नाही तर गाडी प्रवेशद्वारावर अडते. तळेगाव-चाकण रस्त्यावरील कोंडीतून कशीबशी पोहोचलेली गाडी पट्टीवरील एका चुकीच्या अंकासाठी परत फिरविणे म्हणजे काय, हे पाठवणी विभागातील कोणीही सांगू शकेल. तीन ग्राहक असतील तर संकेतस्थळे तीन, परवलीचे शब्द तीन आणि पट्टीचे नमुनेही तीन.

शासनाकडील रेटा वस्तू व सेवा करातून आला. १ जुलै २०१७ रोजी हा कर लागू झाला. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या उद्योगांना ई-बीजक अनिवार्य झाले. त्यानंतर ही मर्यादा टप्प्याटप्प्याने १०० कोटी, ५० कोटी, २० कोटी, १० कोटी अशी उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. मोठ्या कारखान्यांसाठी आरंभलेली व्यवस्था अशा रीतीने तीन वर्षांत भोसरीच्या गाळ्यापर्यंत पोहोचली. यात बीजकाचा तपशील ठरावीक संरचनेत शासकीय नोंदणी-द्वाराकडे पाठवावा लागतो. तेथून ६४ चिन्हांचा बीजक-संदर्भ क्रमांक व स्वाक्षरित क्यूआर कोड परत येतो. त्याशिवाय काढलेले बीजक कायदेशीर बीजक ठरत नाही. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी व त्याहून अधिक उलाढालीच्या उद्योगांना बीजकाच्या दिनांकापासून ३० दिवसांत ही नोंद करावी लागते.

म्हणजे एकाच मालाचा तपशील हिशेबाच्या आज्ञावलीत, ई-बीजकासाठी, ई-वे बिलासाठी आणि ग्राहकाच्या संकेतस्थळावर असा चार ठिकाणी जातो. तो चार वेळा हाताने टंकित झाल्यास चार वेळा चुकण्याची संधी मिळते. या चारही नोंदी एकाच मूळ नोंदीतून निघाव्यात, ही या पट्ट्यातील मागणीनुसार आज्ञावलीची सर्वांत सामान्य गरज आहे. आज्ञावल्यांनी परस्परांशी थेट बोलण्याच्या प्रमाणित द्वारांना संगणकशास्त्रात एपीआय म्हणतात. एपीआयची उपलब्धता हा यातील कळीचा तंत्रप्रवाह होय. शासनाने आपले द्वार प्रमाणित व प्रकाशित केले, त्यामुळे त्याला जोडणारी साधने बाजारात मुबलक झाली. ग्राहक-कारखान्यांची द्वारे मात्र प्रत्येकाची निराळी. काही ठिकाणी तर एक्सेलची धारिका चढविणे एवढीच सोय. तेथे आज्ञावली लिहिणाऱ्याचे अर्धे कौशल्य त्या धारिकेतील स्तंभांचा क्रम सांभाळण्यात खर्ची पडते.

जॉबवर्क : तयार आज्ञावली जेथे अडते

येथे कोणी विचारील की, बाजारात ईआरपी म्हणविणाऱ्या इतक्या तयार आज्ञावल्या असताना नवीन लिहवून घेण्याचे प्रयोजन काय? बहुतेक कामांसाठी ते नाही, असेच उत्तर द्यावे लागेल. हिशेब, पगार, करविवरणे यांसाठी तयार आज्ञावली घेणे शहाणपणाचे आहे. कायदा बदलला की ती बदलण्याची जबाबदारी तिच्या निर्मात्यावर राहते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या आज्ञावलीत प्रत्येक बदलाचा माग ठेवणे अनिवार्य झाले, तेव्हा तयार आज्ञावली वापरणाऱ्यांना नवी आवृत्ती घेऊन भागले. स्वतःची हिशेब-आज्ञावली लिहवून घेतलेल्यांना ते काम स्वखर्चाने करावे लागले.

परंतु या पट्ट्याचे एक वैशिष्ट्य तयार आज्ञावलीच्या चौकटीत नीट बसत नाही. ते म्हणजे जॉबवर्क. एक साधा शाफ्ट घेऊ. घडाईचा माल एका कारखान्यातून येतो, कातकाम भोसरीत होते, उष्मोपचारासाठी तो दुसरीकडे जातो, ग्राइंडिंगसाठी तिसरीकडे, प्लेटिंगसाठी चौथीकडे आणि अंतिम तपासणीसाठी पुन्हा मूळ गाळ्यात येतो. प्रत्येक ठिकाणी मालकी एकाची, ताबा दुसऱ्याचा. कच्चा माल किलोने मोजला जातो, तयार माल नगांनी. मधल्या प्रत्येक टप्प्यावर काही नग नापास होतात, काही पुनर्कामासाठी परततात, कापातून निघालेले स्क्रॅप कोणाचे याचा हिशेब वेगळाच. उष्मोपचार करणारा दोन चलनांचा माल एकाच भट्टीत घालतो आणि परत पाठविताना तीन गाड्यांतून पाठवितो. कोणत्या चलनाविरुद्ध किती नग परत आले, हे कागदावर ठेवता ठेवता अनुभवी भांडारपालही थकतो.

ही केवळ सोयीची बाब नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कसाठी कर न भरता पाठविलेला माल एका वर्षात आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत परत यावी लागते. न आल्यास ज्या दिवशी माल पाठविला त्याच दिवशी त्याचा पुरवठा झाला असे मानून कर व व्याज देय होते. साचे, डाय, जिग, फिक्श्चर व हत्यारे यांना ही मुदत लागू नाही. या मालाचे विवरण आयटीसी-०४ या नमुन्यात द्यावयाचे असते. ऑक्टोबर २०२१ पासून ५ कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांनी ते सहामाही व इतरांनी वार्षिक द्यावे, अशी व्यवस्था आहे. चलन व परत आलेला माल यांची जुळणी नसलेल्या कारखान्यात हे विवरण अंदाजाने भरले जाते, आणि अंदाजाची किंमत कर-तपासणीच्या वेळी कळते.

याच साखळीला दुसरी बाजू गुणवत्तेची आहे. वाहन उद्योगाचे आयएटीएफ १६९४९ हे मानक ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आयएसओ/टीएस १६९४९ च्या जागी आले. त्याच्या चौकटीत प्रत्येक भागाचा माग काढता यावा लागतो. सदोष शाफ्ट ग्राहकाकडे सापडला तर तो कोणत्या हीट नंबरच्या पोलादाचा, कोणत्या भट्टीतून, कोणत्या पाळीत आला हे सांगता आले पाहिजे. माग लागला तर दोनशे नग वेगळे काढून भागते. न लागल्यास महिनाभराचा सारा माल संशयित ठरतो. मालासोबत फिरणाऱ्या कार्डावरील क्यूआर कोड प्रत्येक टप्प्यावर भ्रमणध्वनीने टिपणे, हा आजचा सर्वांत स्वस्त उपाय. त्यासाठी वेगळे स्कॅनर-यंत्र घेण्याची गरज उरलेली नाही. अँड्रॉइड व आयफोन या दोन्हींसाठी एकाच संकेतातून ॲप बनविणारी फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह यांसारखी मुक्त साधने उपलब्ध झाल्याने असे ॲप काही आठवड्यांत उभे राहते. जाळ्याची जोडणी तुटली तरी नोंद भ्रमणध्वनीत साठून नंतर पुढे जाईल, अशी रचना मात्र आवर्जून करून घ्यावी; पत्र्याच्या शेडमध्ये संदेशवहन सर्व कोपऱ्यांत सारखे नसते.

यंत्रांकडून येणारी विदा

‘इंडस्ट्री ४.०’ या नावाने ज्याचा बोलबाला आहे, त्याचे लघुउद्योगातील रूप पुष्कळच साधे आहे. यंत्र किती वेळ चालले, किती वेळ थांबले आणि का थांबले, एवढे कळले तरी मालकास पुरते. नव्या सीएनसी यंत्रांतून ही माहिती ओपीसी यूए यांसारख्या प्रमाणित द्वारातून घेता येते. परंतु गाळ्यांत वीस-पंचवीस वर्षांची यंत्रेही असतात. त्यांच्या मुख्य विद्युतवाहिनीभोवती विद्युतप्रवाह मोजणारी कडी बसवून, काही शे रुपयांच्या सूक्ष्म नियंत्रकाद्वारे तिचे वाचन एमक्यूटीटी या हलक्या संदेश-पद्धतीने संगणकाकडे पाठविले जाते. ही पद्धत १९९९ साली तेलवाहिन्यांवर उपग्रहाद्वारे देखरेख ठेवण्यासाठी तयार झाली होती. थोड्या विदेत काम भागविणे हा तिचा गुण तुटक जाळ्याच्या कार्यशाळेतही उपयोगी पडतो.

मिळालेल्या माहितीतून सर्वंकष यंत्र-परिणामकारकता काढतात. कारखान्यात तिला ओईई म्हणतात. उदाहरणादाखल, आठ तासांच्या पाळीतून जेवणाची सुट्टी वजा जाता ४५० मिनिटे उपलब्ध आहेत. यंत्र ९० मिनिटे बंद राहिले, म्हणजे ३६० मिनिटे चालले. उपलब्धता ८० टक्के. एका नगास ४५ सेकंद या हिशेबाने ४८० नग व्हावयास हवे होते, झाले ४०८. वेग ८५ टक्के. त्यांतील १२ नापास, म्हणजे गुणवत्ता सुमारे ९७ टक्के. तिन्हींचा गुणाकार ६६ टक्के येतो. तिन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर कारखाना बरा चालला आहे असे वाटते; गुणाकार केल्यावर पाळीचा एक तृतीयांश भाग वाया गेल्याचे दिसते.

यंत्र थांबल्याचे विद्युतप्रवाह सांगतो, का थांबले हे माणूसच सांगू शकतो. येथे बहुतेक प्रणाली फसतात. थांब्याची कारणे इंग्रजी संकेताक्षरांत पडद्यावर दिली, तर चालक सर्वांत वरची कळ दाबून मोकळा होतो. ‘माल नाही’, ‘टूल तुटले’, ‘सेटिंग चालू’, ‘तपासणीची वाट’, ‘लाइट गेली’ असे पाच-सहा पर्याय चालकाच्या बोलीत आणि मोठ्या चित्रांसह दिले, तर नोंद विश्वसनीय होते. चालकांत मराठीभाषकांइतकेच बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कामगार असतात, तेव्हा भाषा बदलण्याची सोय हवीच. ‘माल नाही’ हे कारण दाबल्याने भांडारपालाला दोष लागेल आणि ‘चालक जागेवर नाही’ याने आपला पगार कापला जाईल, हे चालकाला समजते. म्हणून या नोंदींचा उपयोग शिक्षेसाठी होणार नाही, हे आधी ठरवावे लागते. अशी ग्वाही आज्ञावलीत लिहिता येत नाही.

या विदेचा आणखी एक धोका तंत्रज्ञानविषयक चर्चेत क्वचितच येतो. पुरवठादाराची यंत्रे आपल्या प्रणालीशी थेट जोडलेली असावीत, असा आग्रह ग्राहक-कारखान्याने धरला तर पुरवठ्याची हमी मिळण्यासाठी तो रास्त म्हणावा लागेल. परंतु त्याच जोडणीतून एका नगास प्रत्यक्ष किती सेकंद लागतात हे ग्राहकाला दिसू लागते. वाहन उद्योगात सुट्या भागांच्या दरात दरवर्षी कपात मागण्याचा प्रघात आहे. पुरवठादाराने स्वतःच्या कल्पकतेने ४५ सेकंदांचे काम ३८ सेकंदांवर आणले, तर त्या सात सेकंदांचा लाभ कोणाचा, हा प्रश्न मग वाटाघाटीच्या टेबलावर पुरवठादार बोलण्याआधीच सुटलेला असतो. म्हणून किती नग तयार झाले व कधी पोहोचतील एवढीच माहिती बाहेर जावी आणि यंत्रनिहाय वेळ आत राहावी, अशी दोन थरांची रचना आज्ञावलीच्या आराखड्यातच करून घ्यावी. तयार मंचावर ही विभागणी आपल्या इच्छेने करता येईलच असे नाही. मागणीनुसार आज्ञावलीच्या बाजूने आम्हास सर्वांत सबळ वाटणारा युक्तिवाद हाच आहे.

लिहिण्याच्या नव्या रीती

आज्ञावली कशी लिहिली जाते, यातही बदल झाला आहे. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही मुक्तस्रोत प्रणाली किंवा बेल्जियमच्या ओडूची सामुदायिक आवृत्ती पायाभूत घेऊन त्यावर केवळ जॉबवर्कचा वा माग काढण्याचा भाग स्वतंत्र लिहावयाचा, ही रीत आमच्या मते लघुउद्योगास सर्वाधिक सोयीची आहे. मूळ संकेत सर्वांस खुला असल्याने एक विकसक सोडून गेला तरी दुसरा ते काम उचलू शकतो. दुसरी रीत झोहो क्रिएटर, पॉवर ॲप्स यांसारख्या अल्पसंकेत साधनांची. फारसा संकेत न लिहिता रकाने मांडून व नियम ठरवून यात ॲप बनते. कारखान्यातील चाणाक्ष नियोजन-लिपिकही ते करू शकतो. मात्र ॲप त्या मंचाबाहेर नेता येत नाही आणि भाडे वाढले तर देण्यावाचून गत्यंतर नसते.

तिसरी रीत नवी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सार्वजनिक झाले. त्यानंतर अल्पावधीतच साध्या भाषेत वर्णन करून संकेत लिहवून घेणे शक्य झाले. पट्टी छापणे, एक्सेलच्या दोन धारिका जुळविणे अशा छोट्या कामांसाठी याचा उपयोग निर्विवाद आहे. पण जॉबवर्कच्या जुळणीसारख्या ठिकाणी, जेथे नियमच कारखान्यात कोठे लिहिलेले नसतात, तेथे प्रतिमान सुबक आणि चुकीचा संकेत देऊ शकते; चूक सहा महिन्यांनी, विवरण भरताना उघड होते. आणि संकेत कोणीच समजून लिहिलेला नसल्याने जुन्या फॉक्सप्रोच्या काळातील अडचण नव्या वेषात परत येते : तेव्हा जाणणारा माणूस निघून गेलेला असे, आता तो मुळातच नसतो. मराठीतून बोलून नोंद करण्याबाबतही अपेक्षा आहेत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या भाषिणी उपक्रमाने भारतीय भाषांतील वाणी-ओळखीस चालना दिली. परंतु प्रेसच्या ठोक्यांच्या आवाजात, ‘इन्सर्ट बदलला, आता फर्स्ट पीस पास झाला’ अशी मिश्र बोली ओळखणे हे शांत खोलीतील मराठी ओळखण्याहून वेगळे काम आहे.

कॅमेऱ्याद्वारे दोष ओळखण्याविषयी एवढेच म्हणता येईल की, त्यास सदोष नगांची पुष्कळ चित्रे लागतात. चांगल्या चालणाऱ्या छोट्या कारखान्यात ती पुरेशी जमतच नाहीत.

पैसे दिले, आज्ञावली कोणाची?

आता लेखाच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. उद्योजकाची सार्वत्रिक समजूत अशी की, पैसे मोजून लिहवून घेतलेली आज्ञावली आपली झाली. कायदा तसे म्हणत नाही. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार संगणक-आज्ञावली ही वाङ्मयीन कृती मानली जाते. कलम १७ प्रमाणे कृतीचा प्रथम स्वामी तिचा कर्ता असतो. नोकरीच्या करारान्वये काम करणाऱ्याने नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा स्वामी मात्र, अन्यथा ठरले नसल्यास, मालक असतो. बाहेरील विकसक हा कारखान्याचा नोकर नव्हे. त्यामुळे लेखी हस्तांतरण नसेल तर संपूर्ण मोबदला देऊनही आज्ञावलीचा स्वामी तो विकसकच राहतो. कारखान्यास ती वापरण्याची मुभा असते. कलम ५२ प्रमाणे सुरक्षेसाठी प्रत काढून ठेवता येते. पण ती दुसऱ्या विकसकाकडून वाढवून घेण्याचा किंवा भावाच्या कारखान्यात बसविण्याचा हक्क मिळत नाही.

हस्तांतरण केले तरी ते कसे केले यावर पुष्कळ अवलंबून आहे. कलम १९ नुसार ते लेखी व स्वाक्षरित असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचे मानले जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. म्हणजे ‘सर्व हक्क कंपनीकडे राहतील’ एवढ्या एका ओळीवर विसंबलेल्या कारखान्याचे हक्क पाच वर्षांनी परत जातात. वाहनाचे एखादे मॉडेल त्याहून अधिक काळ बाजारात असते.

व्यवहारात यासोबत तीन गोष्टी हाती असणे आवश्यक आहे : मूळ संकेताची अद्ययावत प्रत कारखान्याच्या स्वतःच्या खात्यात, मेघ-सेवेचे व संकेतनामाचे खाते कारखान्याच्या नावावर, आणि सर्व विदा सीएसव्हीसारख्या सर्वमान्य स्वरूपात दर महिन्याला बाहेर काढण्याची सोय. यांतील दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण वादाच्या वेळी तीच निर्णायक ठरते. खाते विकसकाच्या ई-पत्त्यावर असेल तर न्यायालयात जाण्याआधीच कारखान्याचे काम थांबलेले असते.

हजेरीसाठी बोटांचे ठसे किंवा चेहरा टिपणाऱ्या आज्ञावलीत आणखी एक जबाबदारी येते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने अंमलात येत आहेत. कंत्राटी कामगाराच्या विदेची जबाबदारी ठेकेदाराची की कारखान्याची, हे करारात आधीच स्पष्ट करून घेणे हिताचे ठरेल.

महाविद्यालयीन प्रकल्पांचा संबंध

या विषयाशी आपल्या महाविद्यालयांचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे. संगणकशास्त्र, बीबीए-सीए, अभियांत्रिकी या शाखांचे विद्यार्थी अंतिम वर्षाचे प्रकल्प आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये आलेले कार्यानुभव-प्रशिक्षण यांनिमित्त याच पट्ट्यातील कारखान्यांत जातात. ग्रंथालय-व्यवस्थापनाचा तोच तो प्रकल्प दरवर्षी नव्याने सादर होण्यापेक्षा, जॉबवर्कच्या चलनांची जुळणी करणारा प्रकल्प विद्यार्थ्यास आणि कारखान्यास दोघांसही अधिक काही देऊन जाईल. तो करण्यासाठी वाणिज्य विभागास कलम १४३ समजावून सांगावे लागेल, मराठी विभागास चालकाच्या पडद्यावरील शब्द ठरविण्यास साहाय्य करावे लागेल. आंतरविद्याशाखीय म्हणावे असे हे काम आहे.

परंतु परीक्षा संपताच विद्यार्थी निघून जातो आणि कारखान्यात अर्धवट आज्ञावली मागे राहते, हेही वास्तव आहे. म्हणून मूल्यमापनात काही गुण हस्तांतरणाच्या कागदपत्रांसाठी राखून ठेवावेत : कार्यशाळेतील नियम शब्दांत लिहिलेली टिपणी, विदासंचाची रचना, आणि दुसऱ्या विद्यार्थ्याने ती आज्ञावली नव्या संगणकावर बसवून दाखविल्याचा दाखला.

स्वामित्वाचा प्रश्न येथेही उपस्थित होतो, आणि तो नाजूक आहे. कलम १७ मध्ये नोकरीच्या कराराबरोबर शिकाऊ उमेदवारीच्या कराराचाही उल्लेख आहे. विद्यार्थी रीतसर शिकाऊ उमेदवार म्हणून काम करीत असेल तर त्याने त्या ओघात लिहिलेल्या आज्ञावलीचा प्रथम स्वामी, अन्यथा करार नसल्यास, कारखाना होतो. तो केवळ अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून गेला असेल आणि कोणतीही लेखी तरतूद नसेल, तर प्रथम स्वामी तो विद्यार्थी स्वतः असतो. महाविद्यालय नव्हे आणि कारखानाही नव्हे. विद्यार्थ्यास कारखान्यात पाठविताना दिल्या जाणाऱ्या पत्रात आज उपस्थिती, शिस्त व सुरक्षितता यांची कलमे असतात. त्याच पत्रात, आज्ञावली कोणाची राहील, कारखाना तिचा वापर व त्यात बदल किती काळ करू शकेल, आणि विद्यार्थ्यास आपले काम पुढील नोकरीच्या मुलाखतीत दाखविता येईल की नाही, या तीन बाबी प्रकल्प सुरू होण्यापूर्वी लिहिल्या जाव्यात.